जोंधळ्याची भिंत आणि खडूची डबी

आष्टीत चाळिशीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारा, तुमच्या डोक्यावर कधी खडूची डबी ठेवली होती का? तो आधी हसेल, मग त्याची मान आपोआप ताठ होईल. काहीजण तर टाळूवर हात नेऊन बघतात. डबी तिथं नसते, पण मानेला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

ती डबी आमच्या चित्रकलेच्या सरांची. सर जाऊन आता दीड वर्ष होत आलं. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. त्यामुळे त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे, त्यातलं निम्मं त्यांनी सांगितलेलं आहे आणि निम्मं भिंतीतून ऐकलेलं.

सर चित्रकला शिकवायचे, असं शाळेच्या वेळापत्रकात लिहिलेलं असे. खरं म्हणजे त्यांनी आम्हाला बसायला शिकवलं. तासाला एकाला पुढं स्टुलावर बसवायचं, त्याच्या डोक्यावर खडूची डबी ठेवायची आणि बाकीच्यांनी त्याला काढायचं. डबी पडली की चित्र थांबलं. मग सर पेन्सिल कानावर खोचत आणि थंडपणे म्हणत, "हललास की गेलास." मला चित्र कधीच आलं नाही. मी काढलेली गाय बघून सरांनी विचारलं होतं, "हे बाकडं कुणाचं गं?" पण बसण्यात मी वर्गात पहिली होते. एकदा नाकावर माशी बसली तरी मी हलले नव्हते. सरांनी त्या दिवशी सगळ्या वर्गाला माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, आणि टाळ्यांच्या आवाजानं माशी उडाली.

एक डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माणसं मोजायची त्यांना सवय होती. ती शाळेपुरती राहिली नाही. लग्नात नवरदेव मोजत, दवाखान्यात डॉक्टर मोजत, तहसीलमध्ये साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून साहेब मोजत. मला बघायला स्थळ आलं तेव्हा शेजारचे वडीलधारे म्हणून सरांना बोलावलं होतं. मुलगा पोहे खात होता आणि सर डोळा मिटून बसलेले. पाहुणे गेल्यावर आईनं विचारलं, "कसा वाटला सर?" सर म्हणाले, "डोळे लई चांगले हायेत. हनुवटी जरा पळपुटी हाय." मी तरी लग्न केलं. हनुवटीबद्दल पुढं काय कळलं ते इथं सांगत नाही, नवरा हे वाचणार आहे.

दसरा झाला की आमच्याकडच्या वस्त्या, तांडे रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि वर माणसं. मागं राहतात ती म्हातारी माणसं. ह्या दिवसांत सरांच्या ओट्यावर गर्दी असे. जाणाऱ्यानं मागं राहणाऱ्याचं चित्र घेऊन जायचं, ही सरांनी पाडलेली रीत. मुलगा आपल्या आईला घेऊन येई, आई ओट्यावर बसे, डोक्यावर पदर, पदरावर डबी. अर्ध्या तासानं कागद तयार. तो कागद पुढं सहा महिने उसाच्या फडात, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकत असे. सर त्याचं काही घेत नसत. फार तर परत येताना कुणी बोरं आणली तर ती घेत, आणि त्यातली किडकी आम्हाला देत.

एकदा शिरूरकडच्या एका तरण्या माणसानं म्हटलं, "सर, मोबाइलात फोटो हाय की मायचा. कावून तिला एवढं ताटकळत ठेवायचं?"

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "फोटो निघतो बे. चित्राला बसावं लागतं. तुझी माय तुझ्यासाठी अर्धा तास हलली न्हाई. ते ह्या कागदात राहतं. फोटोत कुठं राहतं, दाखीव."

त्या माणसानं मोबाइल खिशात घातला. त्याची आई ह्या सगळ्या बोलण्यातही हलली नव्हती.

आता काकूंबद्दल. काकू म्हणजे सरांची बायको. सरांनी गावभर चित्रं वाटली, पण घरात काकूंचं एकही नव्हतं. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली तरी नव्हतं. काकू कधी म्हणाल्या तर सर म्हणायचे, "तू घरातच हायेस की. तुला कवाही काढीन." त्यात दुष्टपणा नव्हता. आपल्या घरातला माठ कोणत्या रंगाचा आहे हे जसं आपल्याला पटकन सांगता येत नाही, तसंच ते होतं.

काकूंचा हात फार चपळ. भाकरी थापताना परातीत नुसती चपचप ऐकू यायची आणि बघेपर्यंत भाकरी तव्यावर गेलेली असायची. मग त्यांना तो कंपवात लागला. आधी उजवा हात, मग डावा, मग मान. चहाची बशी वाजायला लागली. त्या संक्रांतीला कुणाकडे तरी हळदीकुंकू होतं. काकूंनी तिथल्या नव्या सुनेला कुंकू लावायला बोट नेलं, हात थरथरला, आणि करंड्यातलं सगळं कुंकू तिच्या कोऱ्या साडीवर सांडलं. कुणी काही बोललं नाही. पण खोलीतल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या, आणि काकूंनी ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी बाहेर जाणं सोडलं. घरातसुद्धा हात पदराखाली घेऊन बसायच्या.

तेव्हा कुठं सरांना जाग आली. एका दुपारी मी ताक घेऊन गेले होते. सरांनी खिडकीजवळ पाट मांडला होता, काकूंना बसवलं होतं. कागद, पेन्सिल, सगळं तयार. सवयीनं त्यांनी डबी काकूंच्या डोक्यावर ठेवली. ती पडली. त्यांनी उचलून परत ठेवली. परत पडली. आणि सर म्हणाले, "हलू नको."

रागानं नव्हेच. पन्नास वर्षं जे तोंडात होतं ते बाहेर पडलं, एवढंच. काकूंनी डबी उचलली, कोनाड्यात ठेवली आणि म्हणाल्या, "माझ्यानं न्हाई व्हायचं. तुमी दुसरं कुणी बघा." आणि आत गेल्या. मी ताकाचा तांब्या तिथंच ठेवून परत आले.

 पुढं दोन वर्षं काकू सरांसमोर कधी बसल्या नाहीत. जेवायला वाढायच्या आणि पाठ करून उभ्या राहायच्या. सर मला एकदा म्हणाले, "साऱ्या गावाला म्हणलं, कुणाला लागलं न्हाई. तिला एकटीला म्हणायचं नव्हतं गं." बोलताना ते पेन्सिलीनं काहीच मोजत नव्हते, नुसते बघत होते. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्यांना ताक हवंय का विचारलं.

दोन वर्षांनंतरच्या दसऱ्याला गावात जोंधळ्याची भिंत आली.

पुण्याहून चारजणं आली, दोन मुलं, दोन मुली. त्यांना गावोगावी अशी भिंत मांडायची होती. मी नगरपंचायतीत कंत्राटावर संगणक चालवते, म्हणून त्यांच्या सामानाच्या खोलीची किल्ली आणि लाइटचं बटण माझ्याकडे आलं. बाजारतळाच्या कडेला जुन्या गोदामाची लांब पांढरी भिंत आहे, तिच्यावर दिवेलागणीला त्यांनी प्रोजेक्टर सोडला. खाली एक छोटा कॅमेरा. भिंतीवर काळोख असायचा, आणि त्या काळोखात वारा सुटल्यासारखं काहीतरी हलत असायचं. आपण समोर गेलो की आपल्या आकाराचा जोंधळा उगवायचा. आधी पायाशी हिरवे पोंगे, मग अंगभर ताटं, आणि डोकं, खांदे, हात सगळीकडे भरलेली कणसं. मग कुठून तरी पाखरं यायची आणि कणसांवर उतरायची. हात वर केला की पाखरं उडायची, खाली केला की परत बसायची. मी एकटी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या खांद्यावर सात पाखरं होती. ऑफिसची पिशवी हातातच घेऊन, पाखरं उडवत आणि परत बसवत, मी किती वेळ उभी होते कोण जाणे. पिशवीतही जोंधळा उगवला होता.

पण उद्घाटनाच्या दिवशी सगळं फसलं. गाव लोटलं, आणि भिंत काळीच राहिली. माणूस समोर आला की क्षणभर उगवायचा आणि हळूहळू मावळून जायचा. पुण्याची मंडळी घाबरली. तीन दिवस त्यांनी तारा बदलल्या, कॅमेरा बदलला, लॅपटॉप उघडून आत बघितलं. चष्मा लावणारी मुलगी होती, तीच त्यांची मुख्य, ती रडकुंडीला आली. म्हणाली, "दुसरीकडे लोक नाचतात, उड्या मारतात. इथले लोक असे का उभे राहतात?"

मी बघितलं. लोक येत होते, चपला काढत होते, पायजम्याची नाडी चाचपत होते, मान ताठ करून, हात अंगाला लावून उभे राहत होते आणि श्वास रोखत होते. भिंतीखाली तिनंच पाटी लावली होती, "या, स्वतःचं चित्र पाहा."

"ताई," मी म्हटलं, "हे सगळे आमच्या सरांचे विद्यार्थी आहेत. चित्र म्हटलं की ते हलत नाहीत."

तिनं मला समजावलं, की जे हलत नाही ते मशीन भिंतच समजतं. माणूस थोडा वेळ स्तब्ध राहिला की तो मशीनच्या लेखी भिंतीचा भाग होतो, आणि मग मशीन त्याला पुसून टाकतं. मी जाऊन हे केळीच्या गाड्यावरच्या मुनीरभाईंना सांगितलं. आमच्या बाजारतळावर मुनीरभाईंना सांगितलेलं ताशा वाजवल्याशिवाय सगळ्यांना कळतं. त्यांनी तराजू खाली ठेवला, हात तोंडाशी धरले आणि बाजारभर हाळी दिली, "हललं की पीक, थांबलं की पडीक!"

मग मात्र गाव सुटलं. बायकांनी फुगडी घातली आणि भिंतीवर दोन शेतं एकमेकांभोवती फिरली. लिंबागणेशहून लेकीकडे आलेल्या एका आजीनं रिकाम्या हातांनी पाखडून दाखवलं, तिच्या ओंजळीतून कणसांची धार लागली. वाकून कोयता चालवल्याचा हात करणारा एकजण होता, त्याचा जोंधळा त्याच्याच हातानं कापला जात होता आणि परत उगवत होता. तो बराच वेळ थांबेना. एक कुत्रं समोर येऊन बसलं, ते सगळं मावळलं, पण शेपूट हलत होती म्हणून तेवढं एक ताट भिंतीवर डुलत राहिलं. लोक घरी जाताना त्याच्याशी बोलून जायला लागले. भिंतीपाशी संध्याकाळी एक विचित्र शांतता असायची. सगळे हलायचे, पण हळू, पाण्यात उभं असल्यासारखे.

गाव हलायला लागल्यावर चौथ्या दिवशी सर आले. धुतलेला पांढरा सदरा, खांद्याला झोळी, हातात डबी. त्यांनी चपला काढल्या, डबी आपल्या डोक्यावर ठेवली आणि भिंतीसमोर उभे राहिले. लोक बाजूला झाले. सरांच्या अंगावर जोंधळा आला, डबीवरसुद्धा चार कणसं आली. मग मी मनात वीस मोजेपर्यंत आधी पाय गेले, मग सदरा, मग चेहरा. शेवटी डबी गेली. पाखरांना बसायला काही उरलं नाही, ती उडून गेली.

सर काळ्या भिंतीकडे बघत राहिले. मग भिंतीला म्हणाले, "कावून?"

दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशीही. रोज तेच. मुनीरभाई त्यांच्याच वर्गातले, त्यांच्या हाताखाली शिकलेले, त्यांना बघवेना. "सर, हाथ तो हिलाओ," ते गाड्यावरून म्हणाले. "जरासा. कोई नै देखता."

"मी हलणार न्हाई," सर म्हणाले. "त्याला नीट बघता येत नसंल तर त्यानं शिकावं."

पोरीबाळी हसायच्या, पण सरांना हसत नव्हत्या. मला वाटतं, रोज एक माणूस तिथं येऊन पुसला जातो, ह्याची सगळ्यांना सवय झाली होती. सातव्या-आठव्या दिवशी सर उभे राहून झाल्यावर गेले नाहीत. गोदामाच्या पायरीवर चष्मेवाल्या मुलीशेजारी बसले. तेव्हा ते कुत्रं समोर बसलेलं होतं, आणि एकटी शेपूट भिंतीवर डुलत होती. सर बराच वेळ त्या शेपटीकडे बघत होते.

"पोरी," ते म्हणाले, "किती हललं म्हंजे ह्याला दिसतं?"

"अगदी थोडं पुरतं, सर. हात थरथरला तरी दिसतं."

"आन् थरथर थांबलीच न्हाई तर?"

"मग तर काय, ते कधीच पुसलं जात नाही. ह्या मशीनला तेच सगळ्यात नीट दिसतं."

सरांनी सवयीनं पेन्सिल वर धरली, एक डोळा मिटला. मग पेन्सिल खाली घेतली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मी मागेच उभी होते. सर कुणाचा विचार करताहेत ते मला कळलं.

पण काकूंना आणायचं कसं? सरांनी विचारलं असणार, कारण त्या रात्री आमच्या दोन घरांमधल्या भिंतीतून काकूंचा आवाज आला, "मला काय बाजारात मांडून ठेवताय का?"  पुढचे दिवस सर एकटेच बाजारतळावर जात राहिले. भिंतीची मुदत संपत आली होती. शेवटच्या संध्याकाळी मी ऑफिसातून निघाले ती थेट काकूंकडे गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. काकू चुलीपाशी, हात पदरात.

"उद्या भिंत काढणार आहेत," मी म्हटलं.

"काढू देत." मग थोड्या वेळानं, "हे रोज तिथं जाऊन करतात काय गं?"

"उभे राहतात. डोक्यावर डबी ठेवून."

"मग?"

"मग भिंत त्यांना पुसून टाकते."

"रोज?"

"रोज. आता बारा दिवस झाले. दुसऱ्या दिवशी परत जातात."

काकू चुलीकडे बघत होत्या. त्यांची मान हलत होती, पण ती तर नेहमीच हलायची, त्यावरून काही कळायचं नाही. मग त्यांच्या तोंडावर एक जुनं, लबाड हसू आलं. ते मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

"चल," त्या म्हणाल्या. "ह्यांना पुसताना तरी बघून येऊ."

आम्ही पोहोचलो तेव्हा सर पुसून झाले होते. भिंत काळी, तिच्यासमोर पांढरा सदरा आणि डोक्यावर डबी. टोळ्या निघायच्या होत्या म्हणून बाजारतळावर ट्रॅक्टर उभे होते, त्यांच्यावरून माणसं बघत होती. काकू गर्दीच्या मागं थांबल्या. दोन वर्षांत त्या घराच्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि वाट आपोआप झाली. काकू पुढं गेल्या. सरांच्या मागं चार हातांवर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो."

सरांनी वळून बघितलं आणि डबी पडली. त्यांच्या डोक्यावरून डबी पडलेली आष्टीनं पहिल्यांदा पाहिली.

मुनीरभाईंनी केळीचा रिकामा क्रेट पालथा घालून दिला. काकू बसल्या, हात पदराखाली घट्ट धरून. भिंतीवर त्यांचा जोंधळा उगवायला लागला. मागं जमलेले सगळे, आम्ही, ट्रॅक्टरवरचे, केळीवाले, सरांसकट सगळे, काकूंच्या मानासाठी स्तब्ध उभे राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला दुसरं काही येत नाही. भिंतीवर आधी आम्ही सगळे होतो, गर्दीच गर्दी, कणसांचं रान. मग एकेकजण मावळायला लागला. मी स्वतःला जाताना बघितलं. मुनीरभाई गेले. सर गेले. आणि काळोखात एकट्या काकू राहिल्या.

त्या जात नव्हत्या. मान, खांदे, पदराखालचे हात, सगळं भरलेलं, हलक्या वाऱ्यावर असल्यासारखं डुलत. आमच्या अंगावरून उडालेली सगळी पाखरं हळूहळू येऊन त्यांच्यावर बसली. बसून राहिली. काकूंची थरथर इतकी बारीक होती की पाखरांना ती उडवत नव्हती, नुसती झुलवत होती.  किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

"भाभी," मुनीरभाई हळूच म्हणाले, "सगळा बाजार पडीक झाला. तुमचंच पीक उभं हाय."

काकू भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी दोन्ही हात पदरातून बाहेर काढले आणि मांडीवर उघडे ठेवले. भिंतीवर आणखी दोन ताटं आली.

सरांनी झोळीतून कागद काढला. पुढ्यात जमिनीवर बसले, गुडघा उभा करून. मोजलं नाही. डोळा मिटला नाही. त्यांनी तोंड उघडलं. त्या तोंडातून काय निघतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"अशीच बस," सर म्हणाले.

काकू बसल्या. तशाच, थरथरत. सर काढत होते आणि रडत होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. खाली पडलेली डबी काकूंच्या पायाशी होती, ती काकूंनी उचलून हातात धरली. आत खडूचे दोनचार तुकडे असावेत, ते त्यांच्या हातात बारीक खुळखुळत राहिले. चष्मेवाल्या मुलीनं त्या दिवशी भिंत उशिरा बंद केली.

ते चित्र सरांच्या दुसऱ्या चित्रांसारखं नाही. रेघेवर रेघ, रेघेवर रेघ. काकूंना त्यात सहा-सात हात आहेत आणि चेहऱ्याला चारपाच कडा आहेत. जवळून बघितलं तर नुसता गुंता, पण दाराशी उभं राहिलं की काकू दिसतात आणि हलतातही. ते बघून काकूंचं मत होतं, "नाक तेवढं बरं आलंय." सरांनी ते ओट्यावरच्या खोलीत लावलं. पुढच्या संक्रांतीला काकू हळदीकुंकवाला आल्या. माझ्या कपाळाला कुंकू लावताना ते साडीवर सांडलं, मी ती साडी अजून धुतलेली नाही. त्यानंतर सरांनी आणखी कितीतरी म्हाताऱ्यांची चित्रं काढली, पण डबी कोनाड्यातून काढली नाही. लोक तरीही मान ताठ करून बसायचे. सर म्हणायचे, "हल की जरा. मेलास का?"

ते गेले ते झोपेतच. सर लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात, गळ्यात हार घालतात, सगळे दर्शनाला येतात, आणि मग जंगम म्हणजे त्यांचे पुरोहित येऊन पुढचा विधी करतात. सरांना ओट्यावरच्या खोलीत त्या चित्राखालीच बसवलं होतं. मान ताठ, हात मांडीवर. सगळं गाव समोर उभं होतं, आणि कुणी हलत नव्हतं. मुनीरभाई दाराशी डोक्यावर रुमाल बांधून उभे होते.

काकू सरांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी सरांचा उजवा हात आपल्या हातात घेतला होता. त्यांचा हात थरथरत होता, त्यानं सरांचा हात हलत होता, आणि कोपरापर्यंत, सदऱ्याच्या बाहीपर्यंत ती हालचाल जात होती. गळ्यातल्या झेंडूच्या पाकळ्याही बारीक हलत होत्या. सगळ्या खोलीत तेवढंच हलत होतं.

कुणीतरी बाई पुढं होऊन म्हणाली, "काकू, हात सोडा आता, जंगम आलेत."

"थांब गं," काकू म्हणाल्या. "मी सोडला तर हे हलायचे न्हाईत."

जंगम दाराशी थांबले. आम्हीही थांबलो.